सोललेली भिंत

मावशींच्या सिंगापुरातल्या, तोआ पायोहमधल्या फ्लॅटमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर एका घराचा फोटो दिसायचा. देवांच्या तसबिरींपेक्षा मोठा, आणि त्यांच्याहून वरच्या खिळ्याला. उंच, अरुंद, करड्या दगडाचं घर. माथ्याच्या दोन्ही उतारांवर पायऱ्या कापल्यासारखे दगड. एका कोपऱ्यावर, जमिनीपासून तीन मजले वर, भिंतीतून बाहेर आलेली एक गोल खोली आणि तिच्यावर शंकूच्या आकाराचं छप्पर. मागे भरून आलेलं आभाळ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं, "हा कुठला किल्ला?"

"किल्ला कसला. सासर आहे माझं," मावशी म्हणाल्या.

मावशी म्हणजे माझ्या कुणी नात्यातल्या नव्हेत. त्याच ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर मी एका चिनी आंटीकडे खोली घेऊन राहते आणि मावशी अकराव्या मजल्यावर. मी सिंगापूरला नवी होते तेव्हा लिफ्टमध्ये फोनवर बाबांशी तावातावाने भांडत होते. विषय बहुधा पाण्याच्या खासगीकरणाचा असावा. कोपऱ्यात उभ्या असलेल्या, पांढऱ्या केसांच्या, पंजाबी ड्रेसातल्या बाईंनी उतरताना दार हाताने धरून ठेवलं आणि म्हणाल्या, "भांडण संपव आणि वर ये. थालीपीठ लावलंय." तेव्हापासून माझे रविवार त्यांच्याकडे गेले.

त्या डोळ्यांच्या डॉक्टर. सत्तरी ओलांडली तरी आठवड्यातून दोन दिवस एमआरटी मेट्रोने पुढच्याच स्टेशनला, नोव्हेनाच्या एका दवाखान्यात जातात. नवरा स्कॉटिश होता, जहाजदुरुस्तीतला इंजिनिअर. मी आले त्याच्या आदल्या वर्षी गेला. तिकडच्या भाषेत तो लेअर्ड होता, म्हणजे आपल्याकडच्या लहानशा इनामदारासारखा. सरदार नव्हे, राजाच्या दरबारातला तर मुळीच नव्हे. चार गावांपुरती जमीन आणि त्या जमिनीवर एक दगडी घर, इतकाच त्या घराण्याचा रुबाब. जमीन त्याच्या वडिलांनीच कसणाऱ्यांच्या नावे करून टाकली होती. उरलं ते घर. आणि त्या घराचा वारस आयुष्यभर सिंगापूरच्या सरकारी इमारतीत, अकराव्या मजल्यावर, बांबूच्या काठीवर स्वतःच्या बनियनी वाळत घालत राहिला. मावशी त्याचा उल्लेख 'आमचे जहागीरदार' असाच करत. त्याच्यासमोरही करत असत म्हणे, आणि त्याला त्या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक होता.

एका रविवारी त्यांनी मला ताट वाढलं आणि ताटाशेजारी लॅपटॉप ठेवला. तिकडच्या आर्किटेक्टचा अहवाल होता. घराच्या भिंतींत पाणी मुरतंय. दिवाणखान्याच्या छताच्या तुळया चारशे वर्षांपूर्वीच्या, त्यांच्यावर त्या काळी रंगवलेली फुलं आणि फळं अजून दिसतात, पण त्यांची भिंतीत रुतलेली टोकं कुजायला लागली आहेत. अजून काही हिवाळे असेच गेले तर छत खाली येईल. उपाय एकच: चारही बाजूंच्या भिंतींना बाहेरून चुन्याचा जाड गिलावा द्यायचा, पूर्वी होता तसा. थंडी पडली की चुना धरत नाही, म्हणून उन्हाळ्यातच काम उरकायला हवं आणि मालकिणीचं उत्तर लवकर यायला हवं.

"ह्या बाईला वेड लागलंय," मावशी म्हणाल्या. "एवढा देखणा दगड ही लिंपून टाकणार. इथल्या ब्लॉकसारखा. तू उत्तर लिही."

"मी?"

"तुमच्या घरात पत्रकं लिहायचाच धंदा ना? असं सणसणीत लिही की परत चुन्याचं नाव काढता कामा नये."

धंदा नव्हता, पण घरात दुसरं काही नव्हतंही. मी वाढले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत जेवायला बसायचं तर आधी गठ्ठे सरकवावे लागत. धरणग्रस्तांचं पत्रक, कंत्राटी सफाई कामगारांचं पत्रक, रेशनचं पत्रक. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या मथळ्यांवरून. घडी कशी घालायची, चौकात कुणाच्या हातात द्यायचं, कुणाच्या देऊ नये, हे मला शाळेच्या आधी कळलं होतं. बाबांचे दोन नियम होते. पहिलं वाक्य असं हवं की कागद चुरगाळायला निघालेला हात थांबेल. आणि शेवटी मागणी एकच हवी. दोन मागण्या केल्या की समोरचा सोपी असेल तेवढी मान्य करतो आणि निघून जातो.

त्या दृष्टीने हे काम माझ्यासाठीच केल्यासारखं होतं. उघडा दगड म्हणजे खरेपणा, गिलावा म्हणजे झाकपाक. मी जन्मभर झाकपाकीच्या विरोधात लिहीत आले आहे. अडचण फक्त एवढीच की घर जमीनदाराचं होतं.

बाबांचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं.

"सध्या काय लिहितेस?"

"एका जमीनदाराच्या घराबद्दल."

"विरोधात ना?"

"बाजूने."

बाबा म्हणाले, "बरं. आई विचारतेय, जेवतेस ना वेळेवर?"

लिहायचं तर घर माहीत हवं. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं, अजूनही नाही. पण मावशींकडे अल्बम होते, आर्किटेक्टने पाठवलेले नकाशे होते, आणि मावशी होत्या. ऑफिसातून आले की मी अकराव्या मजल्यावर जायची. टेबलावर नकाशे पसरायचे, वरून पंखा फिरायचा म्हणून कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या, आणि आम्ही दोघी त्या घरात शिरायचो.

शिरायचं दार एकच, आणि तेही सहज सापडू नये अशा जागी. घराचा आकार काटकोनासारखा. दोन भिंती मिळतात त्या आतल्या कोनात दार. बाहेरून कुणी चाल करून आला तर दोन्ही बाजूंच्या भिंतींतल्या भोकांतून त्याच्यावर बंदुका रोखता येतील. लाकडी दाराच्या आत लोखंडी गजांचं दुसरं दार. त्याचा फोटो मी कितीतरी वेळ पाहत होते. अर्ध्या भागात उभे गज आडव्या गजांच्या पोटातून आरपार गेलेले, उरलेल्या अर्ध्यात आडवे गज उभ्यांच्या पोटातून. टोपली विणावी तसं लोखंड विणलेलं. एक गज काढू म्हटलं तर सगळं दार मोडावं लागेल. कुठल्या तरी गावच्या लोहाराने भट्टीत तापवून तापवून हे केलं, आणि त्याचं नाव कुठेही नाही.

आत तळमजल्यावर दगडी कमानीचं छत. स्वयंपाकघर आणि कोठार तिथे. चूल इतकी मोठी की मावशी सांगत, आत खुर्ची टाकून त्यांनी वर्तमानपत्र वाचलंय. तिथून गोल जिना वर चढतो. त्याची प्रत्येक पायरी एकाच दगडाची, आणि त्याच दगडाचं आतलं गोल टोक म्हणजे मधल्या खांबाचा एक तुकडा. पायऱ्या एकावर एक रचत गेलं की खांब आपोआप उभा राहतो. खांब वेगळा नाहीच. हे मला कळलं तेव्हा मी नकाशावरून मान वर केली आणि मावशींना ते पुन्हा समजावून सांगायला लागले, जणू त्या जिन्याने त्या कधी चढल्याच नव्हत्या. त्यांनी ऐकून घेतलं.

पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, रंगवलेल्या तुळयांचा. मालक, बायको, पोरं, नोकर, पाहुणे, सगळे पूर्वी तिथेच जेवत. त्याच्या वर झोपायच्या खोल्या. आणि सगळ्यांत वर, कोपऱ्यावर टांगलेली ती गोल खोली. मावशी तिला कणगी म्हणत. आणि खरंच ती धान्याच्या कणगीसारखी दिसायची, वर टोपण ठेवलेली.

दारावरच्या आडव्या दगडात चार अक्षरं कोरलेली होती. दोन नवऱ्याच्या नावाची, दोन बायकोची. बायकोचं आडनाव माहेरचं. त्या देशात त्या काळी बायका लग्नानंतरही माहेरचं आडनाव लावत, आणि घर दोघांचं म्हणून दोघांची अक्षरं दारावर. मी म्हटलं, हे तर पत्रकाचं पहिलं वाक्य व्हायला हवं.

"म्हणून तर सासूबाईंनी मला आडनाव बदल असं कधी म्हटलं नाही," मावशी म्हणाल्या. "बाकी सगळं बदल म्हणाल्या."

मी भारावले होते, पण विरघळले नव्हते. लेअर्ड आपल्या कुळांचा न्यायनिवाडा स्वतःच करायचा, त्या दिवाणखान्यात बसून. कुळांनी ओटचं धान्य द्यायचं, कोंबड्या द्यायच्या, आणि सुगीत मालकाच्या शेतावर फुकट राबायचं. ती सरळसरळ वेठ होती. पुढे धाकटे मुलगे पूर्वेकडे आले, मलायातल्या रबराच्या मळ्यांवर साहेब झाले, आणि तिकडे घराच्या अरुंद झरोक्यांच्या जागी उंच काचेच्या खिडक्या आल्या. आम्ही बसलो होतो तिथून बसने जाता येईल इतक्या अंतरावर तामिळ मजूर पहाटेच्या अंधारात झाडं चिरत होते, तेव्हा कुठे त्या खिडक्यांतून ऊन आत आलं.

"हे मी लिहिणार," मी मावशींना बजावलं.

"लिही की. पण भिंतीला शिव्या देऊ नकोस. भिंत बांधली कुणी?"

गवंड्यांनी. ते बरोबर होतं.

मी पत्रक लिहिलं. मथळा होता 'दगडाला बोलू द्या'. मावशींनी ते चष्मा काढून, कागद डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि मला आणखी एक लाडू दिला. पाठवायच्या आधी आर्किटेक्टशी एकदा बोलून घ्यावं, म्हणजे तिचे मुद्दे खोडता येतील, असं मीच सुचवलं.

ती व्हिडिओवर आली तेव्हा घराच्या पुढ्यातच उभी होती. रेनकोट घातलेली, नाक लाल झालेलं. मी तिला माझी बाजू ऐकवली. आमच्याकडे देवळं, घाट, किल्ले, सगळं उघड्या दगडाचं. शेकडो वर्षं पावसात उभं आहे. दगडाला कपडे लागत नाहीत.

तिने शांतपणे विचारलं, "तुमच्याकडचे दगड घडीव असतात का? एकमेकांना घट्ट बसणारे?"

"अर्थात."

"मग हे बघ." तिने फोन भिंतीजवळ नेला. मी फोटोत जो देखणा दगड पाहत होते तो जवळून म्हणजे शेतातून आणि ओढ्यातून वेचलेले लहानमोठे धोंडे होते, आणि त्यांच्यामधल्या फटींत सिमेंटच्या जाड दरजा. घडीव चिरे फक्त घराच्या कोपऱ्यांवर आणि खिडक्यांच्या चौकटींना. तिने खिडकीच्या चौकटीवर बोट ठेवलं. चौकटीचा दगड भिंतीच्या पुढे अंगठाभर आलेला होता. "हा असा बाहेर कशाला ठेवला असेल?"

मी म्हटलं, शोभेसाठी.

"असेल. पण चारही बाजूंना, प्रत्येक खिडकीला, आणि कोपऱ्यांनाही, अगदी एवढाच?" तिने त्या कडेला अंगठा लावून दाखवला. "तेवढी जागा गिलाव्याची होती. गवंड्याने ती आधीच सोडली होती." मग म्हणाली की भिंतीच्या दोन तोंडांमध्ये दगडगोट्यांचा आणि चुन्याचा भराव आहे. सिमेंटला केसासारख्या चिरा पडतात, पाणी आत जातं, आणि सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. चुना भिजतो आणि सुकतो. भिंतीला श्वास घेऊ देतो.

फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "बोलते छान. पण तू तुझं पाठव."

मी पाठवते म्हटलं, आणि पाठवलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या ब्लॉकच्या रंगकामाचं मतदान होतं. खाली, व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेत, तीन मोठी चित्रं लावली होती. तोच ब्लॉक तीन वेगवेगळ्या रंगांत, आणि रहिवाशांनी पसंती द्यायची. माझी घरमालकीण, चिनी आंटी, चित्रांसमोर हाताची घडी घालून उभी होती. मला म्हणाली, "ऑल सेम, लाह. आउटसाइड प्रिटी, इनसाइड युवर रूम स्टिल स्मेली."

माझ्या खोलीतून खरंच वास यायचा. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आंटीने प्लास्टिकचा चकचकीत वॉलपेपर चिकटवला होता, ओल दिसू नये म्हणून. आता तो फुगला होता. त्या संध्याकाळी मी त्याचं एक टोक नखाने धरलं आणि ओढलं. मागची भिंत काळी, बुळबुळीत. पाणी आत होतं आणि त्याला जायला वाट नव्हती. शेजारच्या भिंतीला नुसता साधा रंग होता, ती कोरडी ठणठणीत. मी पलंगावर बसून त्या दोन भिंती पाहत राहिले. झाकपाक म्हणजे काय याबद्दल माझी जी खात्री होती ती जरा हलली. त्या घरावर खरी झाकपाक सिमेंटच्या दरजांची होती. गिलावा हा भिंतीचाच भाग होता, आणि तो कुणीतरी काढून घेतला होता.

रविवारी मी मावशींना सांगितलं. "मला वाटतं ती बरोबर आहे."

मावशी पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. "तुला मी वकील केलं होतं," त्या म्हणाल्या. "न्यायाधीश नाही."

"मावशी, छत पडेल."

"पडू दे."

असं त्या बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी तव्यावरची पोळी उलटली, गॅस बंद केला, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलायला लागल्या.

"लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा त्या घरावर जुनाट गिलावा होता. ठिकठिकाणी सिमेंटची ठिगळं, पोपडे सुटलेले. कोड फुटल्यासारखं दिसायचं. मी कृष्णेकाठच्या गावातली. काळ्या दगडाचा घाट, काळ्या दगडाची देवळं. मी म्हटलं, आमच्याकडे नाही बाई दगड असा झाकत. एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हा शिडीवर, हातात हातोडा आणि छिन्नी. सासूबाई खालून ओरडताहेत. त्याचं एकच उत्तर: तिला दगड बघायचाय."

त्यांनी हात पुसले.

"सुट्टीत गेलो की तेच काम. पुढे कित्येक उन्हाळे. तो वरून सोलायचा, मी खाली पोपडे टोपलीत भरायचे. मग दरजा भरल्या, त्याही त्यानेच, चांगलं भक्कम सिमेंट आणून. पूर्ण झालं त्या दिवशी आम्ही गवतावर बसून नुसतं बघत होतो. हा फोटो त्या दिवसाचा आहे." त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. "आता मी सही करायची आणि ते झाकून टाकायचं? तो असता तर भांडून ठरवलं असतं. तो नाहीये. मी एकटीनेच ठरवायचं तर मी त्याच्या हातचं पुसणार नाही."

मी पोळी खाल्ली आणि खाली आले.

मधले काही दिवस मी वर गेले नाही. मग त्यांचाच फोन आला. आर्किटेक्टने घराच्या आतल्या प्रत्येक खोलीचे फोटो पाठवले होते. "माझ्या लॅपटॉपवर ते मोठे होत नाहीत. वर ये. भांडायला नको येऊ, फोटो मोठे करायला ये."

मी शेजारी बसून एकेक फोटो मोठा करत गेले. त्या पडद्याकडे वाकून पाहत होत्या. कोठाराच्या कमानीवर हिरवं शेवाळ. दिवाणखान्याची पश्चिमेकडची भिंत काळी. रंगवलेल्या तुळईवरचं एक डाळिंब, आणि त्याच्या पुढे हातभर जागेत लाकडाचा भुगा. वरची झोपायची खोली, त्या दोघांची, तिच्या भिंतीवरून कागद लोंबत होता. मावशींनी हात पुढे करून पडद्यावरच्या त्या कागदाला बोट लावलं.

पुढचा फोटो कणगीचा होता. लहान गोल खोली, एक अरुंद पलंग, एक झरोका. भिंती पांढऱ्या, स्वच्छ. मी फोटो आणखी मोठा केला. कुठे डाग नाही.

"ही माझी खोली," मावशी म्हणाल्या. "मी इथेच झोपायचे."

"तुम्ही दोघं खालच्या खोलीत नव्हता?"

"तो खाली. मला खाली खोकला यायचा. कपड्यांना वास यायचा, उशीला वास यायचा. मला वाटायचं मी गरम देशातली, मला तिकडची हवा बाधते. लग्न होऊन आले तेव्हा असं नव्हतं होत. पण म्हटलं, वय वाढलं. मग कणगीत पलंग टाकून घेतला. सगळे हसायचे. हा खालून जिन्यात ओरडायचा, राणीसाहेब, धान्य किडलं नाही ना." त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. फोटोकडे त्यांनी पुन्हा पाहिलं. मग भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे. उठून त्याच्याजवळ गेल्या, चष्मा काढला, नाक काचेला टेकेल इतक्या जवळ गेल्या.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "कणगीचा रंग बघ."

मी इतके दिवस तो फोटो पाहत होते. कणगीची गोल भिंत बाकीच्या घरासारखी करडी नव्हती. ती फिकट होती, खरवसासारखी पिवळट, गुळगुळीत. मला वाटलं होतं की तिथे ऊन पडलंय. पण मागे तर आभाळ भरून आलेलं होतं.

"तिथे शिडी पोचली नव्हती," मावशी म्हणाल्या. "पुढच्या वर्षी लांब शिडी आणू म्हणाला, ते राहून गेलं." त्या खुर्चीवर येऊन बसल्या. खाली मुलांचा गलका चालू होता. "मला नीट झोप लागावी म्हणून तो मला वर पाठवायचा आणि स्वतः त्या ओलीत झोपायचा. आणि आम्ही दोघं रोज सकाळी बाहेर उभं राहून त्याच भिंतीचं कौतुक करायचो." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "डोळ्यांची डॉक्टर मी. लोकांना म्हणते, वर बघा, खाली बघा."

मी लॅपटॉप मिटला.

"त्याला कळलं असतं तर त्याने काय केलं असतं, सांगू?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीवर चुना घेऊन चढला असता. मी खालून ओरडले असते तरी."

त्यांनी आर्किटेक्टला त्याच संध्याकाळी होकार कळवला. एकच अट घातली, की रंग कणगीचा हवा.

पत्रक तरीही लिहावं लागलं. तिकडच्या गावातली माणसं उन्हाळ्यात रविवारी ते घर येणाऱ्याजाणाऱ्यांना उघडून दाखवतात, आणि त्यांची एक अख्खी पिढी उघडा दगड बघतच वाढलेली. त्यांना वाटणार की सिंगापूरच्या म्हातारीने घर बिघडवलं. त्यांना सांगायला हवं होतं. आम्ही आधी मराठीत लिहिलं, कारण मावशी म्हणाल्या की खरं बोलायचं तर आधी ह्याच भाषेत सुचतं, आणि मग त्यांनी स्वतः ते इंग्रजीत केलं. माझी विशेषणं त्यांनी भराभर खोडली. वेठ आणि रबराचे मळे मात्र ठेवले. "हे राहू दे. त्याला आवडलं असतं. सासूबाईंना नसतं आवडलं." लोहार ठेवला, पायऱ्यांचा खांब ठेवला, दारावरची चार अक्षरं ठेवली, आणि अंगठाभर जागा सोडणाऱ्या गवंड्याला सगळ्यांत जास्त ओळी मिळाल्या. पहिलं वाक्य त्यांचं होतं: 'ही भिंत माझ्या नवऱ्याने माझ्या शब्दाखातर उघडी केली.' आणि शेवटी, बाबांच्या नियमाप्रमाणे, एकच मागणी: तिला तिचा गिलावा परत मिळावा.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मागणी स्पष्ट आहे." मग म्हणाले, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग." बाबा असं कुणालाही कळवत नाहीत, जमीनदारांना तर नाहीच.

काम सुरू झालं तेव्हा आर्किटेक्टने व्हिडिओ पाठवला. आधी त्या भक्कम सिमेंटच्या दरजा एकेक करून काढल्या, त्यातच बरेच दिवस गेले. मग चुना. तिकडे तो भिंतीवर लिंपत नाहीत, फेकतात. गवंडी लहान फावड्यासारख्या थापीत चुना आणि बारीक खडी घेतो, मनगटाला झटका देतो, आणि ते सगळं भिंतीवर जाऊन बसतं. फट्, फट्, असा आवाज, एका लयीत. मावशींनी तो व्हिडिओ जेवणाच्या टेबलावर फोन टेकवून पाहिला. करडे धोंडे एकेक करून नाहीसे होत होते. मी त्यांच्याकडे चोरून पाहिलं. त्यांचा उजवा हात टेबलावर होता आणि मनगट फेकण्याबरोबर किंचित हलत होतं.

"आणखी एकदा लाव," त्या म्हणाल्या.

भिंतीवरचा फोटो मी काढू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तो कशाला? तो त्याचा आहे. नवा आला की शेजारी खिळा मारू."

पुढच्या उन्हाळ्यात त्या मला तिकडे घेऊन जाणार आहेत. तिकीट काढायच्या आधी मी विचारलं की मी कुठे झोपायचं, कारण आर्किटेक्ट म्हणते की एवढ्या जाड भिंती आतून सुकायला काही वर्षं जातील, तोवर खालच्या खोल्यांत राहू नका.

"मग सुकेपर्यंत दोघी कणगीत," मावशी म्हणाल्या.

"पलंग एकच आहे. मावू का?"

"मावावं लागेल." त्या पोळीला तूप लावत होत्या. मग लावायचं थांबून त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "घोरत नाहीस ना तू?"